खाटा मोजल्या, हात मोजायचे राहिले

साथ आली की तिच्यामागोमाग आकडे येतात. अमुक जिल्ह्यास इतके व्हेंटिलेटर, तमुक रुग्णालयात इतक्या अतिदक्षता खाटा, या महिन्यात इतके प्राणवायू प्रकल्प. पालकमंत्री फीत कापतात, छायाचित्र प्रसिद्ध होते आणि जिल्हा सज्ज झाल्याचे मानले जाते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुणे हादरले तेव्हा हेच झाले, २०२० आणि २०२१ मध्ये करोनाकाळात ते शतपटीने झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियां-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले तेव्हाही पहिला प्रश्न व्हेंटिलेटर किती, हाच होता. या आकड्यांत एक आकडा मात्र सहसा नसतो. त्या यंत्राशेजारी रात्री तीन वाजता कोण उभे असणार?

प्रश्न अतिशयोक्तीचा वाटत असेल तर मे २०२१ मधील औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) प्रकरण आठवून पाहावे. तेथील घाटी रुग्णालयाला पीएम केअर्स योजनेतून दीडशे व्हेंटिलेटर मिळाले. त्यातील ११३ वापरात आणले गेले आणि ते सदोष असल्याचा अहवाल रुग्णालयातील डॉक्टरांनी दिला. उरलेली यंत्रे खोक्यातून बाहेरही निघाली नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. केंद्राच्या बाजूने सांगण्यात आले की यंत्रे ठीक आहेत, ती हाताळणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नाही. न्यायालयाने या पवित्र्याबद्दल स्पष्ट शब्दांत नापसंती व्यक्त केली आणि यंत्रे बदलून देण्याचा आग्रह धरला. दोष यंत्राचा की हातांचा, हा वाद तज्ज्ञांनी करावा. पण त्या वादातून एक गोष्ट उघड झाली. जीव वाचवण्यासाठी आणलेले यंत्र रुग्णालयात पोहोचले, तेव्हा ते बसवणे, तपासणे, चालवणे आणि बिघडल्यास दुरुस्त करणे ही जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणत्याही कागदावर ठरलेले नव्हते.

तीव्र स्वरूपाचा फुफ्फुसविकार म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले की या साऱ्याचा अर्थ लागतो. न्यूमोनिया, विषाणुसंसर्ग, रक्तातील जंतुदोष, अपघातातील मोठी इजा, कशानेही फुफ्फुसाला सूज येते. श्वासातील हवा आणि रक्त यांची जेथे देवाणघेवाण होते, त्या सूक्ष्म वायुकोशांत पाणी झिरपते. रुग्ण जोरजोराने श्वास घेतो, पण प्राणवायू रक्तात उतरत नाही. १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा १२ रुग्णांचे वर्णन प्रथम केले. त्यावरून पुढे ‘एआरडीएस’ हे नाव रूढ झाले. साठ वर्षे होत आली, तरी सुजलेले फुफ्फुस थेट बरे करणारे हुकमी औषध हाती आलेले नाही. करोनाच्या रुग्णांत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने मृत्यू कमी होतात, हे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले. ते महत्त्वाचे खरेच. तरीही उपचाराचा गाभा आधाराचाच राहिला. मूळ आजारावर औषधे चालू ठेवायची आणि फुफ्फुस स्वतः सावरेपर्यंत रुग्णाला तगवून धरायचे. हे तगवणे म्हणजेच रुग्णालयाची आधार-सेवा.

व्हेंटिलेटर हा या सेवेचा एक भाग झाला, आणि तोही दुधारी. सुजलेल्या फुफ्फुसात जास्त हवा कोंबली तर ते आणखी फाटते. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत एका गटाला प्रत्येक श्वासात नेहमीइतकी हवा दिली, दुसऱ्याला त्याच्या निम्मी, म्हणजे रुग्णाच्या उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे सहा मिलिलिटर. पहिल्या गटात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात ३१ टक्के. यंत्र तेच, औषधे तीच. फरक होता बटणावरच्या आकड्यात, आणि तो आकडा ठरवण्यासाठी रुग्णाची उंची टेपने मोजणाऱ्या माणसात. किती रुग्णालयांत ही उंची खरोखर मोजली जाते, हा प्रश्न विचारून पाहण्याजोगा आहे.

दुसरे उदाहरण तर यंत्राविनाच्या उपायाचे आहे. अशा रुग्णाला पालथे झोपवले की फुफ्फुसाचा पाठीकडचा, दबलेला भाग मोकळा होतो. फ्रान्समधील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सलग किमान सोळा तास पालथे ठेवलेल्या गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण जवळपास ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. म्हणजे निम्म्यावर. या उपायाला नवे यंत्र लागत नाही, परकीय चलन लागत नाही. लागतात ती माणसे. घशात नळी, मानेत सुई, मूत्रमार्गात नळी अशा बेशुद्ध रुग्णाला पालथे करायचे तर एक जण डोके आणि नळी धरणारा, दोघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या बाजूला, असे चार-पाच जण एका तालात हलावे लागतात. नळी निसटली तर मिनिटांत अनर्थ. ते झाल्यावर चेहरा, डोळे, गुडघे यांवर दाब येऊन जखमा होऊ नयेत म्हणून उशा सरकवत राहायचे आणि ठरलेल्या वेळी पुन्हा उताणे करायचे. ज्या विभागात रात्रपाळीला आठ रुग्णांमागे दोन सिस्टर आणि एक मामा असतात, तेथे हा उपाय पाठ्यपुस्तकातच राहतो.

येथे परिचारिकांच्या हिशेबाकडे यावे लागते, कारण खरा पेच तेथे आहे. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असे मानक आपल्याकडेही मान्य आहे. दहा खाटांचा विभाग घ्या. तीन पाळ्यांना तीस परिचारिका झाल्या. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी तीस टक्के राखीव धरले की संख्या चाळिशीला टेकते. शिवाय प्रमुख परिचारिका वेगळ्या. म्हणजे ‘जिल्ह्याला दहा व्हेंटिलेटर’ या घोषणेचा प्रामाणिक अनुवाद ‘जिल्ह्याला चाळीस प्रशिक्षित परिचारिका’ असा होतो. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, वेतन दरमहा द्यावे लागते आणि पुढे निवृत्तिवेतनही. वित्त विभागाला पहिले सोपे वाटते ते याचमुळे. मंजूर पदांचा आकृतिबंध जुना, त्यातली पदे रिक्त आणि रिक्त जागी कंत्राटी, हे दुष्टचक्र राज्याच्या आरोग्यसेवेला नवे नाही. करोनाकाळात हजारो कंत्राटी परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय घेतले गेले. लाट ओसरताच त्यांना घरी पाठवण्यात आले. यंत्रे मागे राहिली. वर्ष-दीड वर्षात ज्या मुली अतिदक्षता विभागात तयार झाल्या होत्या, त्या खासगी रुग्णालयांत गेल्या, परदेशी गेल्या, काहींनी पेशाच सोडला.

परिचारिका पाळीभर काय करते, याची बाहेरच्या जगाला फारशी कल्पना नसते. रक्तदाब, नाडी, प्राणवायूची पातळी टिपणे हा त्यातला दिसणारा भाग. खाटेचे उशाकडील टोक तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवणे, तोंड औषधी द्रावणाने पुसणे, नळीतील कफ शोषून काढणे, नळीचा फुगा नीट आहे की नाही पाहणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, रोज सकाळी गुंगीचे औषध कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का हे डॉक्टरांबरोबर तपासणे. यात ढिलाई झाली की व्हेंटिलेटरमुळेच होणारा न्यूमोनिया जडतो आणि मूळ आजारातून वाचलेला रुग्ण दुसऱ्याने जातो. मृत्यूच्या दाखल्यावर ‘न्यूमोनिया’ एवढेच लिहिले जाते.

प्राणवायूचे गणितही असेच हातांशी येऊन थांबते. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर प्राणवायू असतो. नाकातून उच्च प्रवाहाने प्राणवायू देणारे उपकरण मिनिटाला साठ लिटरपर्यंत वायू ओढू शकते. शुद्ध प्राणवायूवर ते पूर्ण क्षमतेने चालले तर एका रुग्णासाठी एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. म्हणूनच मोठ्या रुग्णालयांत द्रवरूप प्राणवायूच्या टाक्या आल्या. उणे १८३ अंश सेल्सिअसचा हा द्रव एक लिटर असला तर त्याचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. एप्रिल २०२१ मध्ये राज्याची रोजची उत्पादनक्षमता साधारण १२०० टनांच्या घरात होती आणि मागणी तिच्या कितीतरी पुढे गेली. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन देशातील पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली, ती या टंचाईपायीच.

मात्र त्याच आठवड्यात, २१ एप्रिल रोजी, नाशिकच्या महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात जे घडले त्याचे कारण टंचाई नव्हते. टाकी होती, टँकरही दारात उभा होता. टाकी भरताना गळती झाली, वाहिनीतील दाब कोसळला आणि पुरवठा सुमारे अर्धा तास विस्कळीत झाला. त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. प्रत्येक खाटेशेजारी पर्यायी सिलिंडर तयार असते, झडप बंद करणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ चोवीस तास हजर असता, दाब घसरताच वाजणारी घंटा परिचारिकेच्या टेबलापर्यंत पोहोचत असती, तर काय झाले असते? चौकशी समित्यांच्या अहवालांत अशा प्रश्नांची उत्तरे असतात. ती पुढच्या आकृतिबंधात क्वचितच उतरतात. प्राणवायू यंत्रणा सांभाळणारा माणूस बहुतेक ठिकाणी पुरवठादाराच्या कंत्राटाचा भाग असतो, रुग्णालयाचा नसतो.

नाशिकच्या चार-पाच दिवस आधी, १६ एप्रिलच्या रात्री, मुंबईत वेगळे चित्र दिसले. सहा पालिका रुग्णालयांतील साठा संपत आल्याचे लक्षात येताच १६८ रुग्णांना रातोरात अन्य केंद्रांत हलवण्यात आले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या सुनावणीत मुंबईच्या प्राणवायू व्यवस्थापनाचा दाखला दिला, त्यामागे अशी तयारी होती. मुंबईकडे पैसा आहे, रुग्णवाहिका आहेत, असे म्हणून हे उदाहरण बाजूला सारता येईल. मग नंदुरबारचे घ्यावे. राज्याच्या टोकाचा, आदिवासीबहुल, आरोग्य निर्देशांकांत मागे असलेला हा जिल्हा. तेथे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच प्राणवायू निर्मिती प्रकल्प उभारले, याची बरीच प्रसिद्धी झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट मागे पडली. दर पन्नास रुग्णांमागे एक ‘ऑक्सिजन नर्स’ नेमण्यात आली. तिने ठरावीक तासांनी प्रत्येक खाटेपाशी जायचे, रुग्णाची पातळी पाहायची आणि गरजेपुरताच प्रवाह ठेवायचा. पातळी ९४ असताना ती ९९ दिसावी म्हणून नळ पूर्ण सोडायचा नाही, रुग्ण जेवायला उठला की मास्क उशीवर सूं सूं करत पडू द्यायचा नाही. एवढ्याशा कामाने प्राणवायूची मोठी बचत झाली. यात कोणते तंत्रज्ञान होते? एक नर्स, एक ऑक्सिमीटर आणि ठरवून दिलेले काम.

ही कल्पना इतिहासात बसते हेही लक्षात घ्यावे. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी पुरेशी यंत्रे नव्हती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबत त्यांना श्वास देण्याचा मार्ग सुचवला आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने पिशव्या दाबत बसले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म या घटनेतून झाला असे वैद्यकाचा इतिहास सांगतो. तेव्हा तेथे व्हेंटिलेटर नव्हता, खाटेशेजारी बसलेला विद्यार्थी होता. पुण्यात २०२५ मध्ये गियां-बारेच्या रुग्णांची अवस्था तशीच होती. फुफ्फुस मुळात निरोगी, श्वासाचे स्नायूच गळालेले. असे रुग्ण कित्येक आठवडे यंत्रावर राहतात आणि त्यातले बहुतेक वाचू शकतात, मात्र तेवढे आठवडे त्यांची शुश्रूषा अखंड व्हावी लागते.

अतिदक्षता विभागातील बाकीच्या हातांबद्दल तर चर्चाही होत नाही. छातीचा व्यायाम करवून कफ मोकळा करणारा फिजिओथेरपिस्ट, यंत्राची जुळणी पाहणारा श्वसनोपचार तंत्रज्ञ, बिघाड शोधणारा बायोमेडिकल अभियंता, नळीतून द्यायच्या आहाराचे प्रमाण ठरवणारा आहारतज्ज्ञ, फरशी आणि खाटांचे दांडे पुसणाऱ्या मावशी. श्वसनोपचार तंत्रज्ञ हे पद आपल्या बहुतांश सरकारी रुग्णालयांच्या आकृतिबंधात शोधूनही सापडत नाही. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राने २०२१ मध्ये कायदा करून राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. पदांची निर्मिती मात्र राज्यांनी करायची आहे. उपकरणांच्या देखभालीची केंद्रीय योजना २०१५ मध्ये आखली गेली, त्या वेळी निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली होती. देखभाल हा खर्च आहे आणि खरेदी हा कार्यक्रम, अशी सरकारी मनोवृत्ती असेल तर दुसरे काय आढळणार?

या दुर्लक्षाची सर्वांत भीषण किंमत आगीच्या रूपाने मोजली गेली. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भक कक्षात दहा बालके गेली. एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात करोना रुग्ण आगीत सापडले. नगरमध्ये अकरा मृत्युमुखी पडले. जेथे खाटोखाटी प्राणवायू सुटलेला असतो, तेथे हवेत त्याचे प्रमाण वाढते आणि क्षुल्लक ठिणगीही वणवा पेटवते. विजेचा वाढलेला भार तपासणारा वीजतंत्री हाही म्हणून फुफ्फुसाच्या रुग्णाच्या शुश्रूषेचाच भाग ठरतो. प्रत्येक घटनेनंतर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. भंडाऱ्यानंतरही ते निघाले होते, आणि नगरची घटना त्यानंतर दहा महिन्यांनी घडली.

ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून महानगराला रुग्ण पाठवण्याची वेळ येते तेव्हा ही साखळी सर्वांत कच्ची असते. १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. प्रगत जीवरक्षण सुविधा असलेल्या त्यांपैकी २३३. सुजलेल्या फुफ्फुसाचा रुग्ण घाटातून तीन तास नेताना सिलिंडर किती लागेल, याचे त्रैराशिक मांडणारा कोणी सोबत असावा लागतो. २०२० मध्ये भिवंडी, जालना, सोलापूर आदी ठिकाणी टेली-आयसीयूचा प्रयोग झाला, त्यामागची कल्पना चांगली होती. रुग्ण हलवण्याऐवजी तज्ज्ञाची नजर त्याच्यापर्यंत न्यायची. परंतु पडद्यावरच्या तज्ज्ञाने सांगितलेले करायला इकडे कोणी तरी असावेच लागते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साथ दर वर्षी येत नाही; मग चाळीस-चाळीस परिचारिका कायमच्या नेमून बसवून ठेवायच्या का? उत्तर असे की अतिदक्षता विभाग साथीविना रिकामा राहतच नाही. सर्पदंश, विषबाधा, प्रसूतीतील गुंतागुंत, रस्ते अपघात, डेंगी, लेप्टो, अर्भकांचा न्यूमोनिया. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा रुग्णालयात एका दिवसात १८ आणि पाठोपाठ नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, तेव्हा कोणतीही साथ नव्हती. रोजच्या गरजेला पुरतील एवढे हात असतील, तर साथीत इतर विभागांतील परिचारिकांना त्यांच्या हाताखाली देऊन संख्या वाढवता येते. मूळ हातच नसतील तर आठ दिवसांचे प्रशिक्षण देऊन कोणाच्या हाताखाली देणार?

एक बाब मात्र आकृतिबंध सुधारूनही सुटत नाही. तीव्र फुफ्फुसविकारातून वाचलेला रुग्ण घरी जातो तेव्हा तो बरा झालेला नसतो. टोरांटो येथे अशा १०९ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुफ्फुसे बऱ्यापैकी सावरली होती, पण स्नायू झिजले होते, थकवा जात नव्हता; वर्षभरानंतर कामावर परतलेले जेमतेम निम्मे. आपल्याकडे रोजंदारीवर जगणाऱ्या घरात याचा अर्थ काय, हे सांगायला नको. करोनानंतर काही रुग्णालयांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवले, ते लाटेबरोबरच आटोपले. आता घरी सोडताना कार्डावर ‘पंधरा दिवसांनी छातीच्या ओपीडीत दाखवा’ असे लिहून मिळते. त्या पंधरा दिवसांत श्वासाचे व्यायाम कोणी शिकवायचे, भाड्याने आणलेल्या प्राणवायू यंत्राचा प्रवाह कधी कमी करायचा आणि वीज गेली तर काय करायचे, यासाठी कार्डावर रकाना नसतो.